टोपणनावाने लिहायचे असेल तर: तरुण लेखकांसाठी काही व्यवहारी सूचना

माझ्या पहिल्या छापील कथेचे मानधन मला कधीच मिळाले नाही. 1991 सालच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट आहे. 75 रुपयांची मनीऑर्डर घेऊन पोस्टमन आमच्या दारात आले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फॉर्मवरचे नाव मोठ्याने वाचले आणि पायरीवर आरसा टेकवून दाढी करत बसलेल्या वडिलांनी मान वर न करताच, "या नावाचं इथं कोणी राहत नाही," असे सांगून त्यांना वाटेला लावले. मी आत भाकरी थापत होते. ते नाव माझेच होते. त्या वेळी मी एकोणीस वर्षांची होते आणि ते नाव पुरुषाचे होते. बाहेर जाऊन "तो मीच" असे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. पत्त्यावर टोपणनावाखाली "द्वारा" असे लिहून माझे खरे नाव घालावे, एवढी साधी गोष्ट मला सुचली असती, तर पैसेही मिळाले असते आणि घरात फार तर "कोणा मैत्रिणीचे असेल" एवढ्यावर भागले असते.

टोपणनाव घेणाऱ्या तरुण मुलामुलींना ते सुचवताना बहुतेक लोक नावाच्या गोडव्याविषयी बोलतात. मला त्यामागच्या कागदपत्रांविषयी बोलायचे आहे. नाव लपवणे सोपे असते, पण पुढे वीस वर्षांनी "हे लिहिणारी व्यक्ती मीच" हे सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून ज्या दिवशी नाव घ्याल, त्याच दिवशी ते उघड करण्याची वाटही बांधून ठेवावी, असे माझे मत आहे.

नाव कशासाठी हवे आहे

हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा, कारण त्याच्या उत्तरावर गुप्तता किती पाळायची हे ठरते. काहींना आपल्या दोन प्रकारच्या लेखनात अंतर ठेवायचे असते. राम गणेश गडकऱ्यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेख बाळकराम या नावाने लिहिले. अवघ्या तेहतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी ही तिन्ही नावे सांभाळली. चिंतामण त्र्यंबक खानोलकर यांनी कवितेसाठी आरती प्रभू हे नाव ठेवले आणि कादंबऱ्या व नाटके स्वतःच्या नावाने लिहिली. वि. वा. शिरवाडकर कवितेत कुसुमाग्रज झाले आणि नाटकात शिरवाडकरच राहिले. अशा प्रकारात लपवण्यासारखे काहीच नसते. दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे सर्वांना ठाऊक असले तरी बिघडत नाही, आणि म्हणून पुढच्या बऱ्याचशा सूचना अशा लेखकांना लागू पडणार नाहीत.

काहींना आडनाव नको असते. मराठी आडनाव गाव सांगते आणि पुष्कळदा जातही सांगते. वाचकाने पहिली ओळ वाचण्याआधीच आपल्याला कोणत्या तरी खणात टाकू नये, ही इच्छा रास्त आहे. अनिल, गिरीश, ग्रेस ही आडनावाशिवायची नावे मराठी वाचकाला परकी वाटत नाहीत, त्यामुळे या वाटेने जाणाऱ्याला काही वेगळे केल्यासारखे वाटण्याचे कारण नाही.

खरी गुप्तता लागते ती घर, समाज किंवा नोकरी यांच्या धाकामुळे. 1933 साली "कळ्यांचे निःश्वास" हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला, तेव्हा शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातले बोलणे इतक्या उघडपणे छापल्याबद्दल मोठे वादळ उठले. या नावामागे बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर होत्या आणि त्यांनी तिशीही ओलांडलेली नव्हती. हे लेखन त्यांनी स्वतःच्या नावाने केले असते, तर त्यांना तेव्हाच्या पुण्यात किती त्रास झाला असता याची कल्पना करता येते. त्यांच्या आधी सुमारे पंच्याऐंशी वर्षे, 1848 पासून "प्रभाकर" साप्ताहिकात गोपाळ हरी देशमुख यांची शतपत्रे लोकहितवादी या नावाने येऊ लागली. त्या वेळी ते पंचवीस वर्षांचे होते आणि सरकारी नोकरीत होते.

नोकरीचा मुद्दा निघालाच आहे म्हणून येथेच सांगते. आज सरकारी नोकरीत असलेल्या तरुणाने टोपणनावाच्या आड राहून सरकारवर टीका करता येईल असे समजू नये. केंद्र सरकारच्या 1964 च्या वर्तणूक नियमांत सरकारच्या धोरणावर किंवा कृतीवर प्रतिकूल टीका करण्यास मनाई आहे आणि ती स्वतःच्या नावाने, निनावी, टोपणनावाने किंवा दुसऱ्याच्या नावाने केलेल्या लेखनाला सारखीच लागू आहे, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. नियम करणाऱ्यांनी लोकहितवादींची आठवण ठेवून ते कलम लिहिले असावे, असा मला दाट संशय आहे. राज्य सरकारचे नियम वेगळे आहेत, तेव्हा आपल्याला लागू असलेले नियम आधी वाचून घ्यावेत आणि कथा-कवितांपलीकडे जाताना विशेष काळजी घ्यावी.

नाव निवडताना

विशीत घेतलेले नाव पन्नाशीतही अंगाला बसले पाहिजे. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात बालकवी हे नाव मिळाले तेव्हा ते सतरा वर्षांच्या आसपासचे होते, आणि ते वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीच गेले, म्हणून त्या नावातला "बाल" कधी विसंगत वाटण्याची वेळ आली नाही. आपण मात्र दीर्घायुषी होणार असे गृहीत धरून "नव", "तरुण", "युवा" असले शब्द नावात घालू नयेत. प्रेमात असताना त्या व्यक्तीचे नाव आपल्या नावात गुंफण्याचा मोहही टाळावा. कारण सांगायला नको.

केशवाचा सुत, गोविंदाचा अग्रज, कुसुमचा अग्रज अशी नात्यांची नावे मराठीत शोभून दिसतात, पण ज्याला खरोखर लपायचे आहे त्याच्या ती उपयोगाची नाहीत. ज्याच्या बहिणीचे नाव कुसुम आहे तो कवी कोण, हे शोधायला आज कोणालाही दोन समाजमाध्यमांवरची भाऊबिजेची छायाचित्रे पाहणे पुरेसे आहे. नाव फार लहान किंवा फार प्रचलित असणेही गैरसोयीचे ठरते. नारायण मुरलीधर गुप्ते यांनी "बी" या एका अक्षरावर कवी म्हणून आयुष्य काढले, पण ते अक्षर आज कोणत्याही शोधयंत्रात टाकून पाहावे, म्हणजे ते नाव आज का चालणार नाही हे कळेल. तेव्हा निवडलेले नाव देवनागरीत आणि रोमन लिपीतही शोधून पाहावे. त्या नावाची जिवंत व्यक्ती, मग ती लेखक असो वा नसो, सापडली तर ते नाव सोडून द्यावे. तुमच्या एखाद्या तिखट लेखाचा त्रास तिला होऊ शकतो.

मुलीने मुलाचे किंवा मुलाने मुलीचे नाव घेतले, तर मराठी भाषा स्वतःच चुगली करते. "मी बसलो" आणि "मी बसले", "मी जातो" आणि "मी जाते" यांतून बोलणाऱ्याचे लिंग लगेच उघड होते. ज्यांना पुरुषी किंवा बायकी असे काहीच दाखवायचे नाही, त्यांच्यासाठी मात्र याच भाषेत एक सोयही आहे. "मी पत्र लिहिले", "मी भाकरी खाल्ली" अशा वाक्यांत क्रियापद कर्माच्या मागे जाते, "मी येईन" या भविष्यकाळात लिंगभेद नाही आणि "मला वाटते", "मला आठवते" यांतही तो नाही. एवढ्या सामग्रीवर प्रथमपुरुषी लेखाची दोन-चार पाने सहज भरता येतात. हा प्रयत्न केल्याने वाक्यरचनेचा चांगला सरावही होतो.

माझी गोष्ट थोडी वेगळी होती. मी कोल्हापूरकडची. आमच्याकडे बायकाही "मी आलो", "मी गेलो" असे बोलतात, त्यामुळे पुरुष निवेदक माझ्या लेखणीतून विनासायास उतरत असे. तरीही दुसऱ्याच कथेनंतर संपादकांचे पत्र आले. वर "श्री." लिहून ते खोडलेले होते आणि खाली एवढेच विचारले होते की, शिजलेल्या पुरणात उलथने उभे राहिले म्हणजे ते झाले, हे आपल्या नायकाला कोणी शिकवले? पुरुषाला पुरण कळत नाही हा त्यांचा समज मला आजही मान्य नाही, पण त्यांनी मला पकडले होते हे खरे. सांगायचा मुद्दा असा की, नाव बदलले तरी हात, जीभ, स्वयंपाकघर आणि गाव बदलत नाही. वऱ्हाडात वाढलेल्या माणसाचे "करून राहिला" कधीतरी वाक्यात डोकावतेच. ज्यांना पूर्ण गुप्तता हवी आहे त्यांनी लेख पाठवण्यापूर्वी तो आपल्याला ओळखणाऱ्या एकाच विश्वासू व्यक्तीला दाखवावा आणि "हे कोणी लिहिले असे वाटते?" एवढेच विचारावे.

पडदा आणि सोंग यांतला फरक

टोपणनावाने लिहिणे हा गुन्हा नाही आणि त्यासाठी राजपत्रात नाव बदलण्याची किंवा कोणाची परवानगी घेण्याची गरज नसते. परंतु नाव बदलणे निराळे आणि नसलेली ओळख उभी करणे निराळे. नावामागे "डॉ." लावणे, दुसऱ्याचे छायाचित्र आपले म्हणून देणे, न केलेली नोकरी किंवा न भोगलेला तुरुंगवास परिचयात लिहिणे, हे लेखकाच्या हक्कात बसत नाही. अशा खोट्या ओळखीच्या आधारे कोणाकडून पैसे किंवा लाभ घेतला, तर ती तोतयेगिरी करून केलेली फसवणूक ठरू शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 319 मध्ये त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे, आणि ती संगणक किंवा मोबाइलच्या साहाय्याने केली असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-ड लागू होऊन तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बदनामीच्या खटल्यातही टोपणनाव हे कवच नाही. मजकूर कोणी दिला, हे संपादकाला न्यायालयात सांगावे लागू शकते.

कायद्यापलीकडची एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्या समाजाचे दुःख आपण भोगलेले नाही, त्या समाजाचे आडनाव लावून त्याचे आत्मकथन लिहू नये. कथा म्हणून हवे तेवढे लिहावे. मराठीतील दलित आत्मकथनांचे बळ ती स्वतःच्या नावानिशी सांगितली गेली यात मोठ्या प्रमाणावर आहे, आणि तेथे खोटे नाव घेऊन शिरणे म्हणजे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात दुसऱ्याच्या जागी उभे राहणे आहे.

पैसे, पत्ते आणि फायली

संपादकाला पाठवायच्या पत्रात दोन ओळी वेगवेगळ्या आणि ठळक लिहाव्यात: "छपाईसाठी नाव" आणि "मानधन व पत्रव्यवहारासाठी नाव". पहिल्या ओळीत टोपणनाव आणि दुसरीत बँक खात्यावर जसे आहे तसे, एका अक्षराचाही फरक न करता, खरे नाव असावे. "खरे नाव कोठेही प्रसिद्ध करू नये, ही विनंती" हे वाक्य त्याखाली घालावे आणि त्याला लेखी होकार मागावा. फोनवर मिळालेला होकार संपादक बदलला की हवेत विरतो. टोपणनावाने धनादेश आला, तर तो खात्यात जमा होत नाही. अशा वेळी भांडत न बसता तो परत पाठवून दुसरा मागवावा. यूपीआयने पैसे घेणार असाल, तर पैसे पाठवणाऱ्याच्या पडद्यावर खातेदाराचे बँकेतले नाव दिसते हे ध्यानात ठेवावे. मानधनाच्या बाबतीत प्रकाशकापासून ओळख लपवता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये, कारण करकपातीसाठी पॅन क्रमांक द्यावाच लागतो.

वय अठराच्या आत असेल, तर पुस्तकाच्या करारावर पालकांना सही करावी लागते. म्हणजे घरच्यांपासून लपून कविता छापून आणता येईल, पण कवितासंग्रह आणता येणार नाही.

आजच्या काळात नावे बहुधा फायलींतून फुटतात. संगणकावर तयार केलेल्या दस्तऐवजाच्या गुणधर्मांत लेखक म्हणून संगणकाच्या मालकाचे नाव आपोआप नोंदले जाते आणि तीच फाईल पीडीएफ केली तरी ते बहुधा तसेच राहते. फाईल पाठवण्यापूर्वी ते पुसावे. ईमेलच्या पत्त्यात टोपणनाव असले तरी पाठवणाऱ्याच्या रकान्यात खरे नाव झळकत असते, ते तपासण्यासाठी स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर एक पत्र पाठवून पाहावे. मोबाइल क्रमांक तर देऊच नये, कारण तो दुसऱ्याने जतन करताच व्हॉट्सॲपवर आपले छायाचित्र समोर येते.

एक वही

घरात एक जाड पुठ्ठ्याची वही ठेवावी आणि टोपणनावाने पाठवलेल्या प्रत्येक लेखाची तारीख, शीर्षक, कोठे पाठवला, कोणत्या अंकात कोणत्या पानावर छापून आला आणि किती मानधन मिळाले, हे तीत लिहीत जावे. हस्तलिखिताची किंवा मसुद्याची एक प्रत, संपादकाचे मूळ पत्र आणि छापील पान एका पाकिटात घालून त्यावर वहीतला अनुक्रमांक टाकावा. संगणकावर लिहिणाऱ्यांनी पाठवलेली ईमेल पुसू नये आणि जुने खाते बंद करण्यापूर्वी ती उतरवून घ्यावी. मी हे तिसऱ्या कथेपासून सुरू केले. पुढे संग्रह काढायची वेळ आली, तेव्हा ज्या मासिकात या कथा आल्या होत्या ते बंद पडले होते, संपादक वारले होते आणि प्रकाशकाने अगदी सभ्यपणे, पण स्पष्टपणे, या कथा तुमच्याच आहेत कशावरून असे विचारले. तिसऱ्या कथेपासून पुढच्या सर्व कथांचे पुरावे मी टेबलावर ठेवले. दुसऱ्या कथेसाठी पुरणाचे पत्र कामी आले. पहिल्या कथेसाठी माझ्याकडे काहीच नव्हते आणि ती संग्रहातून वगळावी लागली.

या वहीला कायद्याचेही कारण आहे. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षारंभापासून 60 वर्षे टिकतो, परंतु ती मुदत संपण्यापूर्वी लेखकाची ओळख उघड झाली, तर तो लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून 60 वर्षे टिकतो. समजा, एखाद्या मुलीने 2025 मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी टोपणनावाने कादंबरी छापली आणि ती ऐंशी वर्षे जगली. तिने ओळख कधीच उघड केली नाही, तर 2085 च्या अखेरीस हक्क संपतो, आणि केली तर तो 2145 च्या अखेरीपर्यंत तिच्या वारसांकडे राहतो. नातवंडांना त्यातून काही मिळेल की नाही हे वाचकांच्या हाती आहे, पण वही नसेल तर दावाच करता येणार नाही.

नाव उघड करताना

उघड करण्याची वेळ शक्यतो आपण निवडावी. कोणीतरी चव्हाट्यावर आणण्यापेक्षा ते बरे. घरच्या माणसांना छापील मजकुरातून कळू देऊ नये, आधी तोंडाने सांगावे, आणि ज्यांच्यावरून एखादे पात्र बेतले असेल त्यांना तर सर्वांत आधी सांगावे. मग पुढच्या पुस्तकाच्या आतल्या पानावर, जेथे हक्क आणि आवृत्तीची माहिती असते तेथे, खरे नाव, "ऊर्फ" आणि टोपणनाव या क्रमाने छापून घ्यावे. शिष्यवृत्ती, पुरस्कार किंवा नोकरीसाठी जुने लेखन आपले म्हणून दाखवायचे असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र आणि सोबत वहीतली पाकिटे, एवढे बहुधा पुरते.

शेवटी एक काम उरते, ते ग्रंथालयांना कळवण्याचे. दोन नावांची पुस्तके दोन वेगळ्या लेखकांची म्हणून नोंदली गेली, तर वाचक अर्ध्याच पुस्तकांपर्यंत पोहोचतो. मी आमच्या तालुक्याच्या वाचनालयात गेले तेव्हा ग्रंथपालांनी लाकडी खण बाहेर ओढून मला कुसुमाग्रजांचे कार्ड दाखवले. त्यावर फक्त "कुसुमाग्रज, पाहा: शिरवाडकर, वि. वा." एवढेच लिहिले होते. त्यांनी कोरे कार्ड घेतले, निळ्या शाईने माझ्या पुरुषी नावापुढे "पाहा" लिहिले आणि खरे नाव काय घालू, माहेरचे की सासरचे, असे विचारले.